जिभाऊ सेवेत असताना गेले

जिभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी हृदयविकार कसा टाळावा यावरचं व्याख्यान ऐकत होतो. ऐकत म्हणजे काय... ते व्याख्यान मीच ठेवलं होतं. नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कापडाचा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा. मी तिथे एचआर मॅनेजर. मुख्य कार्यालयाचा आदेश होता की एप्रिलमध्ये कर्मचारी आरोग्य सप्ताह साजरा करावा आणि मुख्य म्हणजे त्याचे फोटो पाठवावेत. मागावरची माणसं शिफ्ट संपवून, कानातला कापूस तसाच ठेवून, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर डुलक्या घेत होती. सुरतेहून आलेला डॉक्टर पडद्यावर रक्तवाहिन्या दाखवत होता, आणि मी मोबाइल उंच धरून जागी माणसं तेवढी फोटोत यावीत अशी धडपड करत होतो. त्याच मोबाइलवर रोहिणीचं नाव आलं. रोहिणी म्हणजे जिभाऊंची एकुलती एक मुलगी, माझी पुतणी. "बापूकाका, बाबा..." एवढंच ती म्हणाली. पुढचं तिला बोलता आलं नाही, आणि मला विचारावं लागलं नाही.

नवापूरहून नंदुरबारला जाताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. आधी एक मजकूर आपोआप तयार व्हायला लागला. 'अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की...' वीस-बावीस वर्षं लोकांच्या शोकाचे मेल पाठवून पाठवून दुःखाचाही एक साचा होऊन बसतो. फक्त नाव आणि विभाग बदलायचा. तो मजकूर मी कसाबसा झटकला. पण त्याच्या मागोमाग जो विचार आला तो काही झटकता आला नाही. जिभाऊ निवृत्तीच्या महिनाभर अलीकडे गेले. म्हणजे सेवेत असताना गेले. म्हणजे अनुकंपा... म्हणजे रोहिणीला नोकरी. सख्ख्यासारखा चुलतभाऊ घरात निजलाय आणि आपण गाडी चालवत नियम लावतोय, याची मला लाज वाटली, आणि हे कुणाला कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं. घरी पोचल्यावर लक्षात आलं, हा विचार न आलेलं माणूस तिथे क्वचितच असेल. आमच्या तळोद्याकडच्या गावाहून आलेले एक म्हातारे नातेवाईक तर अगदी भल्या मनाने, डोळे पुसत, सगळ्यांसमोर म्हणाले, "जिभाऊ सुटी गया. अन जाता जाता पोरनं बी भलं करी गया." रोहिणी दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं.

जिभाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी शाळेत होतो तेव्हा ते एका सरकारी कंपनीच्या नंदुरबारच्या कार्यालयात लिपिक म्हणून लागले आणि शेवटी आस्थापना शाखेचे मुख्य लिपिक झाले. आस्थापना म्हणजे माणसांचा सगळा हिशोब: नेमणूक, रजा, बदली, बढती, शिक्षा, निवृत्ती आणि मरण. मी पदवी घेतली, मग व्यवस्थापनाचा एक डिप्लोमा घेतला, आणि तेच काम खासगीत करायला लागलो. सुरुवातीला माझ्या दारावर 'पर्सोनेल' अशी पाटी होती. मग 'एचआर' झाली. मध्यंतरी वर्षभर कुणा सल्लागाराच्या सांगण्यावरून 'पीपल अँड कल्चर' होती. जिभाऊंनी ती पाटी एकदाच पाहिली, पुन्हा वाचली, आणि विचारलं, "खुर्ची तीच शे ना भो?" खुर्ची तीच होती.

रविवारी मी नंदुरबारला त्यांच्याकडे गेलो की ओट्यावर आमची जुंपायची. सरकारी बरं की खासगी बरं, हा आमच्या घरातला न संपणारा खटला. मी म्हणायचो, तुमच्याकडे काम करणारा आणि न करणारा दोघांना एकाच तारखेला एकच पगारवाढ. मग काम करायचं कशाला? ते म्हणायचे, तुमच्याकडे वर्षाच्या शेवटी माणसाला एक ते पाचमध्ये गुण देतात, पाचवीच्या पोरासारखे, आणि मग त्याची बायको त्याला विचारते, तुला तीनच का? मी म्हणायचो, आमच्याकडे भरती आठ दिवसांत होते. ते म्हणायचे, आणि भरती झालेला नवव्या दिवशी जातो. "आमनाकडे मानूस काढता येत नही, अन तुमनाकडे ठेवता येत नही," असं म्हणून ते चहाचा कप खाली ठेवायचे. दोघांनाही पक्कं माहीत होतं की दुसऱ्याचंही थोडंफार बरोबर आहे, पण ते कबूल करायला ओटा ही जागा नव्हे.

माझी सगळ्यात मोठी फजिती मात्र मी आपण होऊन त्यांना सांगितली. मुख्य कार्यालयाने एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. ज्या कामगाराचा वाढदिवस त्याच्या नावाने केक, टोपी आणि शुभेच्छांचा मेल. कर्मचाऱ्यांना आपलेपणा वाटावा म्हणून. मी हौसेने बेकरीवाल्याला सांगून ठेवलं की आमच्याकडून आदल्या दिवशी यादी येईल तेवढे केक पोचवायचे. मे संपला आणि पहिल्या जूनला सकाळी बेकरीचा टेम्पो गेटवर उभा राहिला. टेम्पो! कॅन्टीनमध्ये केक ठेवायला टेबलं पुरेनात. मोलगीकडचा, तोरणमाळकडचा, नवापूरच्या डोंगरपट्ट्यातला, जो तो कामगार त्या दिवशी जन्मलेला. टोप्या घातलेली ती गंभीर माणसं एकमेकांकडे बघत होती आणि मी टाळ्या वाजवत होतो. जिभाऊ हसून हसून खोकायला लागले. "अरे बापू, आख्खा डोंगर एकच दिवशी जन्मेल शे!" शाळेत नाव घालताना पोराची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नसे, गुरुजी पोराची उंची बघून साल ठरवायचे आणि तारीख एक जून टाकायचे. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक, फक्त एचआर मॅनेजर विसरला होता. मग त्यांनी त्यांच्याकडची गंमत सांगितली. एक जूनचा जन्म म्हणजे निवृत्ती एकतीस मेला. त्यामुळे दरवर्षी त्या संध्याकाळी त्यांचं अर्धं कार्यालय एकदम घरी जातं, हार कमी पडतात, पहिल्याच्या गळ्यातला काढून शेवटच्याच्या घालतात. खुद्द जिभाऊही एक जूनचेच. त्यांची आई सांगायची, होळीच्या सुमाराला झाला.

पण त्या ओट्यावरची एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. त्यांच्याकडे मोलगीच्या वरच्या अंगाचा एक चौकीदार होता. फार आजारी पडला. त्याने वैद्यकीय कारणावरून आधीच निवृत्ती मागितली. त्याला आपल्या झोपडीत जाऊन पडायचं होतं. कागद जिभाऊंच्या टेबलावर आला आणि मागोमाग त्याची बायको आणि भाऊ जीपने खाली आले. साहेब, त्याला सोडू नका म्हणाले. नोकरीतच राहू द्या. बोलणं तेवढंच, पण अर्थ सगळ्यांना समजला होता. घरी जाऊन मेला तर पेन्शन. नोकरीत मेला तर पोराला नोकरी. जिभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. "बापू, कागद पुढे करू की मागे ठेवू?" त्यांनी मला विचारलं. मी माझ्या डिप्लोम्यातलं काहीतरी बोललो. शेवटी त्यांनी नियमात होती नव्हती ती प्रत्येक रजा त्या चौकीदाराला एकामागून एक लावली: अर्जित, अर्धपगारी, असाधारण... माणूस घरीही राहिला आणि नोकरीतही. आणि काय सांगावं, तो बरा झाला. मागच्या होळीला नाचला म्हणे. पण जिभाऊंच्या मनातून ते गेलं नाही. "हा नियम चांगल्याच मनाने केलेला आहे," ते म्हणाले, "पण ज्याने केला तो कधी आजारी माणसाच्या घरात बसला नसेल. खाटेवरचा डोळे मिटून ऐकत असतो रे."

मी तेव्हा आमच्याकडच्या पद्धतीची बढाई मारली. आमच्या मागावरचा एक कामगार गेला तेव्हा विम्याचे कागद, फुलांचं चक्र, फोटोला हार, आणि रिकाम्या जागेची जाहिरात, सगळं आठवड्याच्या आत. जिभाऊ माझ्याकडे बघत राहिले. "दहावा व्हवाना आधीच जाहिरात?" मी म्हणालो, माग बंद ठेवता येत नाही. खटला त्या दिवशी तहकूब झाला.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर रोहिणीची पुण्यातली नोकरी गेली. चांगल्या कंपनीत होती, गुणही पाचातले चार असायचे. एका सकाळी तिला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. पडद्यावर एक हसऱ्या बाई. कंपनीची दिशा बदलते आहे, तुमच्या पुढच्या प्रवासाला शुभेच्छा. बोलणं संपेपर्यंत तिचा लॅपटॉप बंद झालेला. ती घरी आली तेव्हा जिभाऊंनी मला बोलावून घेतलं आणि समोर बसवलं, जणू ते मीच केलं होतं. "आमच्याकडे शिपायाला काढायचं तर नोटीस, आरोपपत्र, चौकशी, सुनावणी, अपील. तेवढ्यात तो रिटायर होतो. तुमच्यात हे असंच?" मी म्हणालो, आता सगळीकडे असंच. "त्या बाईला रात्री झोप येते का?" त्यांनी खरंच विचारलं होतं. मला माहीत होतं की येते, म्हणून मी चहाचा कप उचलला.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सुरतेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, जानेवारीत जिभाऊ आणि वहिनी तिकडे गेलेही, आणि परत आले. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, जूनमध्ये करू म्हणाले, असं जिभाऊंनी सगळ्यांना सांगितलं. शिवाय मेअखेर निवृत्त होणाऱ्यांचे पेन्शनचे कागद त्यांच्याकडे होते, ते एकदा मार्गी लागले की निवांत. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. आणि एप्रिलमध्ये, कार्यालयातून घरी येऊन बूट काढता काढता...

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रोहिणीने मला मागच्या खोलीत गाठलं. "बापूकाका, तुम्ही यातले आहात. खरं सांगा. बाबांनी ऑपरेशन मुद्दाम टाळलं का?" मी म्हणालो, छे, असं काही नसतं, तू असा विचार करू नकोस. ती एकदम मागे सरली. "हा आवाज नको. पुण्याच्या त्या बाईंचा आवाज अस्साच होता." मग तिने एकेक मांडायला सुरुवात केली. मोलगीच्या चौकीदाराची गोष्ट तिनेही ओट्यामागून ऐकली होती. तिची नोकरी गेली आणि महिन्या-दोन महिन्यांत बाबांनी ऑपरेशन पुढे ढकललं. फेब्रुवारीत तिला मराठी टायपिंगच्या क्लासला घातलं. पुण्यात संगणकावर काम केलेल्या मुलीला टायपिंग कशाला? तर लिपिकाच्या जागेला ते प्रमाणपत्र लागतं म्हणून. आणि अनुकंपेचा नियम या जिल्ह्यात बाबांइतका कुणाला पाठ होता? "मी त्या अर्जावर सही केली, तर त्यांनी जे केलं त्याची पोच दिल्यासारखं होईल," ती म्हणाली. "आणि नाही केली, तर ते फुकट गेले."

खोटं कशाला, ती सांगायच्या आधीपासून मीही हीच बेरीज करत होतो. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. कारखान्यात एखाद्याच्या हजेरीकडे बघता बघता मला जिभाऊ ओट्यावर बसून तारखा जुळवताना दिसायचे. कधी वाटायचं, तो माणूस असं करणारच नाही. लगेच वाटायचं, पोरीसाठी तोच माणूस असं करेल. त्यांच्या कार्यालयातून मला फोन यायचे: अर्ज लवकर द्या, अनुकंपेच्या यादीत जो उशिरा येतो तो खाली जातो, आणि खालचे लोक वर्षानुवर्षं खालीच राहतात. मी रोहिणीला विचारायचो, ती म्हणायची, उद्या सांगते. जेवणं कमी झाली तिची. वहिनींना यातलं काही कळू द्यायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं होतं. माणसांची मनं ओळखण्याचा पगार घेणारा मी, मला वाटत होतं की त्यांना काही कळलेलं नाही.

एका दुपारी वहिनी ओट्यावर पुढ्यात सूप घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. मी आणि रोहिणी आत हळू आवाजात बोलत होतो, तर बाहेरून हाक आली. "बाहेर या दोन्हीजन. कवयपासून कुजबुज चाली ऱ्हायनी." आम्ही शाळेतल्या पोरांसारखे जाऊन उभे राहिलो. वहिनींनी शेंगांवरची नजर वर केली नाही. "तुमले वाटस तुमना भाऊ मराले बठेल व्हतात?" रोहिणी रडायला लागली. "दवाखानामाइन पळी उना व्हता तो!" वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरनी काय तारीख ढकली नही. हाऊ पळना."

मग त्यांनी सांगितलं. जानेवारीत जिभाऊ सुरतेला भरती झाले होते. मनगटाला नावाची पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. शेजारच्या खाटेवर ऑपरेशन झालेला एक माणूस नळ्या लावून आणला. जिभाऊ त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, खाली जाऊन चहा पिऊन येतो. गेले ते गेले. वहिनी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या, आणि तासाभराने त्यांना फोन आला: पिशवी घेऊन स्टेशनवर ये. स्टेशनच्या फलाटावर हा माणूस मनगटावरची पट्टी सदऱ्याच्या बाहीत लपवून, दोन तिकिटं काढून बसलेला. वहिनींनी तिथेच भांडण काढलं, लोक बघायला लागले, तरी हे जागचे हलेनात. पट्टी गाडीत दातांनी तोडली. "सुईले भ्याये तो, बापू. लग्न झायं तवयपासून भ्याये. टोचाले लागनं तर माले म्हने, तू माना हात धर." जूनमध्ये नक्की येतो अशी त्यांनी वहिनींच्या गळ्याची शपथ घेतली आणि हे कुणाला सांगायचं नाही अशी त्यांच्याकडूनही घेतली. चारचौघांत शोभत नाही म्हणून. कागदांचं निमित्त छान होतं, आणि खरंही होतं.

"आणि टायपिंग?" रोहिणीने विचारलं.

"तुन्हा जनम झाया तवयपासून म्हनी ऱ्हायंता, पोरले टायपिंग लावसू. सरकारी मानूसना डोकामा दुसरं काय येई?"

रोहिणी रडता रडता हसायला लागली. "हातातली पट्टी लपवून?" तिने पुन्हा विचारलं. वहिनींनी पुन्हा सांगितलं. मी तिथेच ओट्यावर बसलो आणि माझ्या त्या सवयीच्या डोक्याने आणखी एक गोष्ट हेरली: ज्याला सेवेत मरायचंय, तो ऑपरेशन निवृत्तीनंतर ठेवेल कशाला? जूनमध्ये ऑपरेशनच्या टेबलावर काही वाईट झालं असतं तर रोहिणीला नोकरी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ही बेरीज मी मोठ्याने केली नाही. त्याची आता गरज नव्हती, आणि वहिनींनी माझ्या डोक्यात शेंगांचं सूप घातलं असतं. तरी सगळी धाकधूक गेली असं म्हणणार नाही. त्यांना माहीतच नव्हतं का, धोका कुठे होता ते? माहीत होतं. पण भीती नियम वाचत नाही. जगायची इच्छा एवढी होती की तिनेच त्यांना त्या खाटेवरून उठवून गाडीत बसवलं.

चार-पाच दिवसांनी रोहिणी म्हणाली, "काका, उद्या जाऊ या." आम्ही दोघं त्यांच्या कार्यालयात गेलो. आस्थापना शाखेची खोली तशीच होती, जिभाऊंच्या टेबलावर मात्र आता दुसऱ्या शाखेतून आणलेले एक प्रभारी बसत होते; माझ्याच वयाचे, कामाने वैतागलेले. टेबलासमोर भिंतीला लागून एक बाक, आणि बाकावर वरच्या डोंगरातून आलेला एक वयस्कर माणूस, हात मांडीवर ठेवून. प्रभारींनी त्याला विचारलं, काय काम होतं. "काम नाही साहेब. बसायला आलो." कुणाकडे? त्याने हनुवटीने टेबल दाखवलं. प्रभारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "रोज कोणी ना कोणी येतं हो. बसतात, काही बोलत नाहीत, उठून जातात. कुठून कुठून जीपने येतात. काय करू सांगा, कोणत्या नियमात बसवू?" मला समजलं. मयताच्या घरी बसायला जायचं असतं, पण नंदुरबारातलं जिभाऊंचं घर त्या माणसांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना हे टेबल माहीत होतं. आणि मला एकदम आमचं गेट आठवलं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच संध्याकाळी त्याचं कार्ड बंद होतं. उद्या मी गेलो आणि एखादा कामगार माझ्यासाठी बसायला आला, तर पहारेकरी यंत्रात माझं नाव शोधेल आणि सांगेल, अशा नावाचं इथे कुणी नाही.

रोहिणी त्या माणसाशेजारी जाऊन बसली. "तुमचे कोण होते?" तिने विचारलं. "कोणी नाही. माझं पेन्शन त्यांनी केलं. तुमचे?" "बाबा," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पंख्याखालची जागा तिला मिळावी म्हणून थोडा पलीकडे सरकला. तिने पिशवीतून अर्ज काढला, मांडीवरच ठेवला आणि सही केली. मग उठली नाही. दोघंही त्या टेबलाकडे बघत बसून राहिली. प्रभारींनी अर्ज घ्यायला हात पुढे केला. मी म्हणालो, साहेब, जरा थांबा... आम्ही बसायला आलोय. आणि मीही बाकावर टेकलो.